सहीपासून दारापर्यंत

पैसे काढायची स्लिप हातात आली की माझी नजर तीन ठिकाणी जाते. आधी स्लिपवरची सही, मग पडद्यावर उघडलेली नमुना सही, मग काचेपलीकडचा चेहरा. सासवडच्या एका पतसंस्थेत मी २२ वर्षं काउंटरला बसते आहे. बाजाराच्या दिवशी हा फेरा शंभर-सव्वाशे वेळा होतो.

सही तपासणं म्हणजे नाव वाचणं नव्हे. आडनावातला 'प' मोडून लिहिलाय की ओढून, 'सौ.'नंतरचा ठिपका बसलाय की सुटलाय, शेवटचा फराटा वर गेलाय की खाली, हे बघायचं असतं. आमच्याकडे कितीतरी बायका अंगठ्यावरून सहीवर आल्या. त्यांची सही दर वेळी थोडी वेगळी पडते. हात थरथरतो, ओळ सोडून अक्षर खाली येतं. तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, आणि आपण संशय घेतोय असं समोरच्या बाईला वाटूही द्यायचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका आजींची स्लिप परत केली. सही जुळत नाही म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, बाकावर जाऊन बसल्या. जेवणाच्या सुट्टीनंतरही तिथेच होत्या. मला राहवेना. स्लिप परत मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. सही त्यांचीच होती. नावातल्या वेलांटीची गाठ मला चष्म्यातून दिसलीच नव्हती. साडेतीन तास त्या माझ्या डोळ्यांमुळे बसून राहिल्या. मी हात जोडले, पैसे मोजून दिले. त्या शनिवारी नंबर काढायला गेले.

लांबचा नंबर मला कॉलेजपासून आहे, उजवा मायनस १, डावा मायनस सव्वा. असा थोडासा मायनस असलेल्यांना चाळिशी लागलेली लवकर कळत नाही. चष्मा काढला की जवळचं आपोआप दिसतं, म्हणून आपण काढत-घालत राहतो. मीही तेच करत होते. सहीसाठी काढायचा, टोकनचा आकडा बघायला घालायचा, परत काढायचा. मग एक दिवस काढूनही पुरेनासं झालं.

आपल्या भाषेत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. 'अगं, माझी चाळिशी कुठे ठेवलीस?' असं माझी आजी विचारायची, तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. हे नाव ज्या कुणाच्या तोंडी पहिल्यांदा आलं असेल, त्याने नीट पाहिलं होतं. डोळ्यातलं भिंग मऊ असतं तोवर ते फुगतं आणि जवळचं दाखवतं. दहा वर्षांचं पोर नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरलेलं पुस्तकही वाचू शकतं. चाळिशीला तेच अंतर साधारण २०-२५ सेंटिमीटरवर जातं, पन्नाशीला अर्ध्या मीटरच्या आसपास. भिंग लहानपणापासूनच हळूहळू कडक होत असतं. ते जाणवायला लागतं चाळिशीत. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून ते परत मऊ होत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघीतिघी या आशेवर वर्ष-दोन वर्षं डोकेदुखी काढतात, म्हणून मुद्दाम सांगते.

जवळचा नंबर निघाला. लांबच्या नंबरात पावणेदोनची भर. दुकानात याला 'अ‍ॅडिशन' म्हणतात. आता प्रश्न आला तो काचेचा.

बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा, मी घरात पाहिला होता. आमचे अण्णा, म्हणजे वडील, एसटीत कंडक्टर. गोल तुकडा चिकटवल्यासारखा दिसणारा, दुकानदार ज्याला केटी म्हणतात, तो चष्मा त्यांना होता. गळ्यात तिकिटांची पेटी, बोटात पंच, खाकी शर्टाच्या खिशात वेबिल. तिकिटावरचा आकडा काचेच्या खालच्या तुकड्यातून आणि पुढच्या थांब्यावर हात करणारा माणूस वरून, हे त्यांनी वीस वर्षं केलं. पण गाडीतून उतरताना ते हनुवटी पार छातीला लावायचे. लहानपणी मला वाटायचं, अण्णा उतरताना देवाला नमस्कार करतात. रेषेवरून नजर खाली घसरली की पायरी जागची उडाल्यासारखी वाटते, आणि त्या खालच्या तुकड्यातून जमीन धूसर दिसते, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. मान मोडून वरच्या काचेतून पायरी बघण्याची ती सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नाही.

दोन अंतरांसाठी दोन भिंगं अर्धी-अर्धी कापून एकाच चौकटीत बसवण्याची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर आहे. १७८५ साली पॅरिसजवळ राहत असताना त्याने एका मित्राला पत्रात या चष्म्याबद्दल लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण मला फार जवळचं वाटतं. जेवणाच्या टेबलावर ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही, म्हणून आपल्याला फ्रेंच अधिक चांगलं समजतं, असं तो म्हणतो. कानाला सरावाची नसलेली भाषा चेहऱ्याच्या हालचालींवरून उलगडते. माझ्या काउंटरला काच आहे, खाली पैसे सरकवायची फट. पलीकडे दात नसलेले आजोबा बोलतात तेव्हा मला त्यांचे ओठ दिसावे लागतात. मराठीच असते, तरीही दिसावे लागतात.

पण बायफोकलमध्ये माझा पडदा कुठे बसणार? वरच्या काचेतून ६५ सेंटिमीटरवरचा कॉम्प्युटर स्पष्ट होत नाही आणि खालच्या काचेसाठी तो जरा लांबच पडतो. दोन अंतरांच्या मधलं हे तिसरं अंतर अण्णांच्या नोकरीत नव्हतं, माझी सगळी नोकरी त्याच्यासमोर जाते. म्हणून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी काच.

पहिला प्रोग्रेसिव्ह घेताना मी चुकले आणि दुकानही चुकलं. मी फ्रेम आधी पसंत केली. बारीक, आडवी, चेहऱ्याला शोभणारी. दुकानातल्या माणसाने दोन बाहुल्यांमधलं अंतर एकदाच मोजलं, ते निम्मं करून दोन्ही बाजूंना लिहिलं. फ्रेम नाकावर बसवून काचेवर खूण केलीच नाही. ६,५०० रुपये भरले. आठ दिवसांनी चष्मा आला.

पहिल्या दिवशी जमीन हलली. दारातून बाहेर पडताना उंबरा वाकलेला, काउंटरची कड फुगलेली. हे मला सांगितलेलं होतं, म्हणून घाबरले नाही. पण पडदा मला हनुवटी वर केल्याशिवाय दिसेना. सही दिसायची ती काचेच्या अगदी खालच्या कडेतून, तीही अर्धी. संध्याकाळी मानेमागे खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. नाक वर करून बसलेली मी समोरच्याला कशी दिसत असेन! एका नेहमीच्या ग्राहकाने हळूच विचारलं, "ताई, आज रागावलाय का?"

दुकानात गेले की एकच उत्तर मिळायचं, सवय होईल. मी दीड महिना सवयीची वाट पाहिली.

आज कुणी मला विचारलं तर मी आधी हेच सांगते की यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कडेचं तरंगणं, पायऱ्या वाकड्या दिसणं, मान वळवताना चित्र वाहणं याची सवय होते. दहा-पंधरा दिवस तोच चष्मा सकाळपासून रात्रीपर्यंत घातला, मध्ये जुना उचलला नाही, तर मेंदू ते जुळवून घेतो. पण माप चुकलं असेल तर त्याची सवय होत नाही. पंधरा दिवसांनीही मान वर करावी लागत असेल, एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने वाचता येत नसेल, सरळ समोरचं बघायला तोंड तिरकं करावं लागत असेल, तर तो चष्मा परत करायचा. दोष आपल्या डोक्यात शोधत बसायचं नाही.

दुसऱ्या वेळी मी पुण्याला गेले, लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत. तिथली ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर तपासणारी मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने नवीन काही विकायच्या आधी माझा जुना चष्मा मागितला. तोंडाजवळ नेऊन काचेवर हळूच वाफ सोडली आणि ट्यूबलाइटकडे तिरका धरला.

"काकू, इकडे बघा."

काचेवर दोन बारीक गोल उमटले होते. तांदळाच्या कणीएवढे, पाण्यावर बोट टेकवल्यासारखे, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या गोलाखाली अ‍ॅडिशनचा आकडा. वाफ विरली तसे ते गेले. चष्मा दीड महिना माझ्या नाकावर होता आणि त्यात हे कोरलेलं आहे याचा मला पत्ता नव्हता. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर कंपनीने अशा खुणा कोरलेल्या असतात. त्यांच्यावरून काचेचा नकाशा परत मांडता येतो. तिने छापील तक्त्यावर चष्मा ठेवला, दोन्ही काचांवर मार्करने बाहुलीची जागा दाखवणारं अधिकचं चिन्ह काढलं आणि मला घालायला लावला. आरशात मी स्वतः पाहिलं. ती चिन्हं बाहुलीवर यायला हवी होती. ती बाहुलीच्या चांगली तीन मिलिमीटर खाली होती आणि उजवीकडचं चिन्ह कानाच्या बाजूला सरकलेलं.

माझं नाक दोन डोळ्यांच्या बरोबर मधे नाही. उजवी बाहुली नाकाच्या मध्यापासून ३० मिलिमीटरवर आहे, डावी साडेबत्तीसवर. बहुतेकांचं असं थोडंफार असतं. साध्या चष्म्यात ते खपून जातं. प्रोग्रेसिव्हमध्ये एखाद-दीड मिलिमीटरही अंगावर येतो, कारण या काचेत चालायला रस्ता अरुंद असतो.

तिने मला तो रस्ता कागदावर काढून दाखवला. वर लांबचं बघायचं रुंद मैदान, खाली वाचायची छोटी वाटी, आणि दोन्हींना जोडणारी मधली बारीक पट्टी. या पट्टीतून नजर खाली उतरते तसा नंबर थोडा-थोडा वाढत जातो, कुठेही रेषा न येता. पण काचेचा बाक असा सतत बदलत ठेवायचा, तर त्याचा चुरगळा कुठेतरी पडणारच. तो पट्टीच्या दोन्ही बाजूंना पडतो. मिंकविट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६३ साली हे सूत्रातच मांडलं. पट्टीवरून उतरताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने पट्टीच्या कडेला विकृती वाढते. म्हणजे बुटकी फ्रेम घेतली, तिच्यात बसवायला पट्टी आखूड केली, की नंबर भरभर चढतो, पट्टी अरुंद होते आणि कडा जास्त धूसर होतात. माझ्या शोभिवंत फ्रेमने नेमकं हेच केलं होतं. शिवाय वाचायची निम्मी वाटी फ्रेमच्या मापात कापताना उडून गेली होती.

महागड्या काचांबद्दलचं माझं मत या सूत्रापाशी बनलं. दोन-तीन हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेही प्रोग्रेसिव्ह मिळतात. कुठल्याही किमतीत कडेचा धूसरपणा नाहीसा होत नाही. जास्त पैसे दिले की तो अधिक शहाणपणाने पसरवलेला मिळतो, आपल्या फ्रेमच्या तिरकेपणाचा, डोळ्यापासूनच्या अंतराचा हिशेब धरून कोरलेला मिळतो. पण खूण तीन मिलिमीटर खाली पडली तर पन्नास हजारांची काचही माझ्या साडेसहा हजारांच्या काचेसारखीच वागेल. आधी माप घेणारा हात बघावा, मग काचेचं नाव. आणि ज्यांना नुकतीच, एक-सव्वाची भर लागली आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये. भर कमी असते तेव्हा चुरगळाही कमी असतो आणि नजर लवकर रुळते.

मग तिने मला विचारलं, "काकू, दिवसभर तुम्ही काय काय बघता?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता. नंबर काढताना ६ मीटरवरचा तक्ता वाचून घेतात आणि हातात छोट्या अक्षरांचं कार्ड देतात. माझं आयुष्य त्या दोन तक्त्यांच्या मधे चालतं. तिने घरी पाठवलं आणि अंतरं मोजून आणायला सांगितली. सोमवारी मी शिवणाची टेप पर्समध्ये घालून कामावर गेले. स्लिप ४० सेंटिमीटर. पडदा ६५. काचेपलीकडचा चेहरा एक मीटरला थोडा कमी. टोकनचा आकडा साडेचार मीटर. आणि दार सात मीटर.

आकडे बघून ती म्हणाली की ऑफिस लेन्स नावाची काच असते, तिच्यात पडद्याचा भाग खूप रुंद मिळतो, मान फारशी वळवावी लागत नाही, फक्त दोन-तीन मीटरपलीकडचं धूसर दिसतं. दिवसभर बसून काम करणाऱ्याला तिच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. माझ्यासाठी तीच ठीक, असं तिचं जवळजवळ ठरलं होतं.

मी दारावर अडले. आमच्या दाराला एक उंच पायरी आहे. निराधार योजनेचे पैसे घ्यायला येणारी माणसं त्या पायरीपाशी थांबतात, भिंतीला हात लावतात. कोण आलंय हे मला खुर्चीतून दिसलं की मी शिपाईमामांना हाक मारते, ते हाताला धरून आत आणतात. बावीस वर्षं असंच चालू आहे. दार धूसर झालं तर ती माणसं काउंटरला पोचेपर्यंत मला कळणारच नाहीत. त्या मुलीने ऐकून घेतलं आणि कागदावर 'दार' या शब्दाभोवती गोल काढला.

शेवटी ठरलं ते असं: ३४ मिलिमीटर उंचीची धातूची फ्रेम, नाकावरचे पॅड वाकवून बसवता येतील अशी. पट्टी लांब, म्हणजे मधला पडद्याचा भाग रुंद मिळेल. त्याबदल्यात वाचताना डोळे जरा जास्त खाली उतरवायचे. फ्रेम आधी माझ्या कानामागे नीट बसवली, मगच समोर तिच्या डोळ्यांच्या उंचीला मला बसवून, एक-एक डोळा मिटून तिने खुणा केल्या. मग उभं केलं, दुकानात चालवलं, परत बघितलं. १४,००० रुपये. महिनाभरात काच बदलून देण्याची अट पावतीवर लिहून दिली.

या काचेचा शोध लावणाऱ्याचीही गोष्ट घरातूनच सुरू होते. बर्नार मेटेनाझ हा तरुण फ्रेंच इंजिनिअर. वडिलांचा बायफोकल डोळ्याला लावून पाहिल्यावर यापेक्षा बरं काही हवं असं त्याच्या मनाने घेतलं, असं सांगतात. १९५९ साली त्याची व्हॅरिलक्स ही काच बाजारात आली. सलग वाढणाऱ्या नंबराची कल्पना त्याच्या आधीची, इंग्लंडमध्ये ओवेन एव्ह्जने १९०७ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. पण लोक रोज घालतील अशी काच करून दाखवली ती मेटेनाझने. मी अण्णांचा चष्मा कितीदा पुसून दिला असेल. तो डोळ्याला लावून बघावं असं मला कधी सुचलं नाही.

नव्या चष्म्याने मला एक गोष्ट शिकायला लावली. डोळे फिरवायचे नाहीत, नाक फिरवायचं. जे बघायचं त्याच्याकडे नाक रोखायचं. स्कूटरवर डावा आरसा बघायचा तर मान तेवढी वळवायची. पलंगावर आडवं होऊन वाचता येत नाही, कारण तेव्हा नजर काचेच्या वरच्या भागातून जाते. त्यासाठी मी नुसता वाचायचा वेगळा चष्मा उशाशी ठेवला आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. सगळं एका काचेने व्हावं हा हट्ट मी सोडला.

अकराव्या दिवशी सोमवती अमावास्या होती. आम्ही जेजुरीला गेलो. चढताना काही वाटलं नाही. उतरताना गर्दीत पहिली पायरी समोर आली आणि ती वाटीतून, वाचायच्या भागातून दिसली, मऊ आणि उचललेली. माझी हनुवटी आपोआप छातीला लागली आणि दगडाची कड धारदार झाली. पायरी, पायरी, पायरी. निम्म्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की ही मान मला ओळखीची आहे. वरून कुणीतरी भंडारा उधळला, काचा पिवळ्या झाल्या. पदराने पुसायला हात गेला तो मागे घेतला. कोरडी पूड घासली तर काचेवरचं कोटिंग ओरखडतं. खाली येऊन बाटलीतल्या पाण्याने चष्मा आधी धुतला, मग पुसला.

अण्णा आता ७९ वर्षांचे. दोन्ही मोतीबिंदू काढून झाले, तरी चष्मा बायफोकलच, फक्त खालचा तुकडा आता डी आकाराचा. माझं बरं झालं तसं मला वाटलं, त्यांनाही प्रोग्रेसिव्ह करावा. मी त्यांना पुण्याला घेऊन गेले. त्या मुलीने त्यांना दुकानाच्या तीन पायऱ्या उतरायला लावल्या, बघितलं, आणि नको म्हणाली. या वयात नवीन काच शिकायला लावण्यापेक्षा चालण्यासाठी नुसता लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा द्या, म्हणाली. खाली वाचायचा भागच नसेल तर पाय आणि जमीन नीट दिसतील. बायफोकल घरात पेपरपुरता राहू दे. दोन हजारांत काम झालं.

परवा आम्ही सासवड स्टँडवर उभे होतो. अण्णांना नीरेला आत्याकडे जायचं होतं. गाडी आत वळायच्या आधीच त्यांनी पाटी वाचली, "जेजुरीमार्गे आहे." उतरणाऱ्या माणसांना वाट देऊन ते चढले. हनुवटी छातीला न लावता, पायरीकडे नुसते डोळे खाली करून. कंडक्टरच्या मशिनमधून तिकिटाची पट्टी निघाली. अण्णांनी ती हातात घेतली, लांब धरली, मग खिशातून बायफोकल काढला, चालायचा चष्मा माझ्या हातात खिडकीतून दिला आणि तिकीट वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ज्येष्ठांचं बरोबर लावलंय," ते म्हणाले, आणि परत चष्म्यासाठी हात बाहेर काढला.